शिक्केवालीच्या घरात आठ महिने

मी पोलिसात आहे हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मला तिथं पाण्याचा पेलाही मिळाला नसता, आणि ते सगळ्यांच्याच भल्याचं झालं असतं.

शहरातल्या दवाखान्यांमधून तक्रारी येत होत्या. नामांकित कंपनीचं औषध द्यावं आणि रोग्याला काडीचा गुण येऊ नये. पट्टी तीच, खोकं तेच, छपाई तीच. माल कुठल्या टोळीचा हे खात्याला साधारण कळलं होतं, पण आत शिरायला वाट नव्हती. आधी एका हवालदाराला हमाल म्हणून पाठवलं, तो चौथ्या दिवशी मार खाऊन परत आला. पुरुषांवर तिथं घारीची नजर असायची. मग ठरलं की बाई पाठवायची, आणि ती अशी की एकदा पाहिली तर दुसऱ्यांदा आठवू नये. साहेबांनी लगेच माझं नाव सुचवलं. मला राग यायला हवा होता. मी मात्र दोन दिवस कॉलर ताठ करून हिंडले.

कारखाना एका छापखान्याच्या मागच्या अंगाला होता. दारावर पुठ्ठ्याच्या खोक्यांची पाटी होती आणि पुढच्या खोलीत खरोखरच खोकी बनायची. मागच्या खोलीत बारा बायका लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसायच्या. कॅप्सूलच्या पट्ट्या तयार होऊन गाडीनं यायच्या. आमच्याकडे त्यांच्यावर तारखेचा आणि क्रमांकाचा शिक्का मारायचा, माहितीचा कागद घडी करून आत सरकवायचा, खोकं बंद करायचं, चिकटपट्टी लावायची. कॅप्सूल कुठं भरतात ते बायकांना ठाऊक नव्हतं. ते शोधून काढायलाच मला पाठवलं होतं.

ओळखीशिवाय तिथं कुणाला घेत नसत. कुणीतरी आपल्या जबाबदारीवर आणावं लागे. म्हणून साहेबांनी त्या बारा जणींची माहिती काढली आणि एकीच्या घरी वरची खोली भाड्यानं द्यायची आहे असं कळल्यावर मला तिकडे धाडलं.

ती शिक्केवाली. चाळिशी ओलांडलेली, उंच, बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावायची सवय. नवरा दहा वर्षांपूर्वी कामासाठी परगावी गेला तो गेलाच. मागं राहिले ती आणि तिचा सासरा. ती हसत सांगायची, "मला नवऱ्यापेक्षा सासरा टिकाऊ मिळाला."

मी एक पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा माझ्या दंडावर काळानिळा वळ होता. तो मी आदल्या दिवशी दाराच्या फटीत हात धरून स्वतःच उठवला होता. नवऱ्यानं मारलं असं मी एकदाही म्हटलं नाही. बाही थोडी वर जाऊ दिली, एवढंच. तिनं पाहिलं, काही विचारलं नाही. माझं सामान वर नेऊन ठेवलं, गरम पाण्यात फडकं पिळून आणलं आणि माझा दंड शेकत बसली. मी रडले. ते रडणं खोटं नव्हतं, पण ज्यासाठी ती समजली त्यासाठीही नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात ती मला कारखान्यात घेऊन गेली. तिथला कारभार एक मास्तर बघायचा. एके काळी खरंच शाळेत शिकवायचा म्हणे. प्रत्येक खोक्यावरची अक्षरं तो डोळ्यात तेल घालून तपासायचा, कारण त्याचं म्हणणं होतं की खऱ्या मालात शुद्धलेखनाची चूक खपते, आपल्यात नाही. त्यानं मला खालून वर पाहिलं आणि ही कोण म्हणून विचारलं. माझी बहीण समजा, असं शिक्केवालीनं सांगितलं. हिच्याकडून काही वेडंवाकडं झालं तर जाब तुला विचारीन, असं मास्तर म्हणाला. तिनं मान डोलावली. दारातल्या पहिलवानानं माझी पिशवी उलटीपालटी करून पाहिली आणि मी आत गेले. त्या दिवसापासून मला सगळ्या 'नवी' म्हणू लागल्या. माझ्यानंतर आणखी दोघी आल्या तरी मी नवीच राहिले.

मी शिक्केवालीला ताई म्हणत होते, पण अहोजाहो करत. आठवडाभर तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली की ताई म्हणायचं आणि वर तुम्ही म्हणायचं, हे म्हणजे मिठी मारून वर नमस्कार केल्यासारखं झालं. तेव्हापासून अगंतुगं.

तिच्या सासऱ्यांना सगळी गल्ली मामंजी म्हणायची, कारण ती त्यांना हाक मारायची ती सगळ्यांना ऐकू जायची. ते घड्याळं दुरुस्त करायचे. पुढच्या खिडकीत त्यांचं मेज, त्यावर भिंग, चिमटे, तेलाची बारीक कुपी. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे नको ते ऐकायचं असलं की डावा कान पुढं करायचे. गिऱ्हाइकं घड्याळ न्यायला नेहमी उशिरा का येतात यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: घड्याळ माझ्याकडे, मग त्यांना वेळ कळणार कशी?

एकदा मी जेवायला बसले असताना ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, तू दाराकडे पाठ करून कधी बसत नाहीस. इतका मारायचा का तो?"

ती माझी नोकरीतली सवय होती. मी मान खाली घातली. त्यांनी आपली जागा बदलली, दार आणि मी यांच्या मधे येऊन बसले, आणि त्यानंतर रोज तिथंच बसू लागले.

साहेबांना भेटायची जागा म्हणजे दातांचा दवाखाना. डॉक्टरीण त्यांच्या विश्वासातली होती. दर दुसऱ्या सुट्टीला मी गाल धरून निघायचे. संशय नको म्हणून दोन धडधाकट दातांत मी सरकारी खर्चानं चांदी भरून घेतली. कारखान्यातल्या बायका माझ्या दातांवरून चेष्टा करायच्या आणि ताई मला लवंग द्यायची.

तिसऱ्या महिन्यात दोन कॅप्सूल मी अंबाड्यात खोचून बाहेर काढल्या. पुढच्या भेटीत साहेबांनी तपासणीचा कागद वाचून दाखवला. गव्हाचं पीठ होतं आणि ताप उतरवणारी थोडी स्वस्त पावडर होती. ती पावडर घालायचं कारण असं, की पहिल्या दिवशी ताप खाली यावा आणि रोग्याच्या माणसांनी म्हणावं, गुण आला. बाकी त्या औषधात औषध औषधालाही नव्हतं.

मी म्हटलं, आता धाड घाला. साहेब आवाज चढवणारे नव्हते. ते म्हणाले, "आज धाड घातली तर हाती काय लागेल? एक मास्तर, एक पहिलवान आणि बारा बायका. पीठ भरणारे महिन्याभरात दुसरीकडे दुकान मांडतील. मला ती जागा हवी आहे."

"आणि तोपर्यंत जो माल बाहेर जाईल तो?"

"तो तुम्ही तिथं नसतात तरी गेलाच असता."

त्यांचं चुकत नव्हतं. मी परत येऊन कागदाच्या घड्या घालू लागले. मला आता ठाऊक होतं मी कशाभोवती घडी घालते आहे. पहिले काही दिवस हात अडखळले, मग सवय झाली. हात इतका बसला की मास्तरानं सगळ्यांसमोर सांगितलं, घडी कशी असावी ती नवीची बघा. आणि मला, सांगायला जीभ रेटत नाही, मला बरं वाटलं. संध्याकाळी घरी येऊन मी ते मामंजींना सांगितलंसुद्धा.

बायकांना काय माहीत होतं, असं मला पुढं पुष्कळांनी विचारलं. काहीतरी चोरीचं आहे हे त्या जाणून होत्या. कंपनीचा जादा माल कर चुकवून नव्या खोक्यात जातो, अशी त्यांची समजूत मास्तरानं करून दिली होती. माल खोटा आहे असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ताई तर शिक्का मारताना तारीख जराही तिरकी होऊ द्यायची नाही. कुणा आजाऱ्याला वाचता आली पाहिजे, म्हणायची.

सहाव्या महिन्यात मामंजी खोकू लागले. आधी गार हवेवर ढकललं. मग ताप आला आणि श्वास घेताना छातीत शिट्टी वाजू लागली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की फुप्फुसात जंतू झालेत, वय आहे, हयगय करू नका. आणि कागदावर लिहून दिलं ते आम्ही रोज भरत होतो तेच.

दुसऱ्या दिवशी ताई कारखान्यातून आली ती खुशीत. पदराआडून तिनं तीन पट्ट्या काढल्या. मी चुलीजवळ उभी होते. तिनं त्या फडताळात मिठाच्या बरणीशेजारी नीट रचून ठेवल्या आणि हळूच सांगितलं, अगदी आजच्या शिक्क्याच्या, ताज्या आहेत.

मी म्हटलं, "ताई, दुकानातून घे ना."

"दुकानात तरी कुठून येतं गं? आपल्याच हातचं."

"तरी पण. चोरून आणलेलं."

"चोरी माझी. गुण मामंजींना." ती हसली आणि पाणी तापवायला ठेवलं.

मी वर खोलीत जाऊन बसले. खाली जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. पण ताईच्या तोंडात तीळ भिजत नसे. मनात आलेलं आधी तिच्या चेहऱ्यावर यायचं, मग ओठांवर. तिला कळलं की दुसऱ्या दिवशी ती सगळ्या टेबलासमोर मास्तराच्या तोंडावर त्या पट्ट्या फेकणार, यात शंका नव्हती. मग माल हलला असता, माणसं पसार झाली असती, आणि आम्हा दोघींचं काय झालं असतं कोण जाणे. शिवाय त्याच आठवड्यात पट्ट्यांच्या गाडीचा ड्रायव्हर माझ्याशी बोलायला लागला होता. तो कुठून येतो ते आज ना उद्या त्याच्या तोंडून निघणार होतं. सहा महिन्यांचं काम हातातोंडाशी आलं होतं. हे सगळं मी स्वतःला नीट समजावून सांगितलं. ते पटवायला फारसे कष्ट पडले नाहीत, हे मात्र मी पुढं कुठल्याही अहवालात लिहिलं नाही.

सकाळी कामावर जाताना मी वाटेतल्या एका दुकानातून साहेबांना फोन केला. सरकारी रुग्णालयातून त्याच औषधाच्या खऱ्या पट्ट्या मिळवा म्हटलं. मी कुणाला न कळता बदलीन. साहेब म्हणाले, बघतो.

पहिल्या दिवशी मामंजींचा ताप उतरला. ते उठून बसले, चहा मागितला, मेजावरचं अर्धवट घड्याळ आणायला सांगितलं. ताईनं माझ्या दंडाला हात लावला. "बघ. गुण आला."

दुसऱ्या दिवशी ताप पुन्हा चढला.

तिसऱ्या दिवशी कारखान्यात तातडीचा माल होता. शिक्केवालीला सोडणं शक्यच नव्हतं. मी दाताचं कारण सांगून लवकर निघाले. मला वाटत होतं दवाखान्यात साहेबांचा निरोप असेल. निघताना ताईनं मला दारापर्यंत येऊन बजावलं, मामंजींची सहाची गोळी तेवढी चुकवू नकोस, मी तुझ्या भरवशावर आहे. दवाखान्यात निरोप नव्हता. मी घरी आले.

मामंजी भिंतीला टेकून पडले होते. खिडकीतून उजेड येत होता, बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. त्यांनी विचारलं, वाजले का सहा? मी म्हटलं, वाजले. फडताळातून पट्टी काढली. तिच्यावर ताईचा शिक्का होता, सरळ, स्वच्छ, एक आकडा पुसट नाही.

मी ती कॅप्सूल मोरीत टाकू शकले असते. त्यानं ते बरे झाले नसते, पण माझ्या हातून ती गेली नसती. पण तशानं ताप उतरवणारी ती थोडी पावडरही चुकली असती, ताप चढला असता, ताईनं विचारलं असतं. असलं काहीबाही त्या वेळी डोक्यात आलं. खरं म्हणजे सांगितलेलं काम करायची मला सवय होती आणि मी ते केलं. कॅप्सूल त्यांच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढं केला.

त्यांनी ती बोटात धरून भिंगाखाली चाक बघावं तशी पाहिली. म्हणाले, "एवढी मोठी गोळी. आत नुसतं पीठ भरलेलं असणार बघ."

आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. विनोद केला की ते समोरचा हसेपर्यंत थांबायचे. मी हसले. मग त्यांनी ती गिळली.

खऱ्या पट्ट्या पाचव्या दिवशी मिळाल्या. मी त्यांवरचा सरकारी शिक्का नखानं खरवडला, जेवढ्या खोट्या उरल्या होत्या तेवढ्याच कापल्या आणि त्यांच्या जागी मिठाच्या बरणीशेजारी ठेवल्या. ताईनं एरवी तो फरक लांबूनच ओळखला असता. पण दोन रात्री ती झोपली नव्हती, तिनं पट्टीकडे पाहिलंच नाही. सातव्या दिवशी मामंजींना रुग्णालयात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरनं काय औषध चालू आहे विचारलं. ताईनं रिकामी पट्टी दाखवली, तेव्हा तो म्हणाला, औषध अगदी बरोबर होतं, कधी कधी वयापुढं इलाज चालत नाही. नवव्या दिवशी दुपारी ते गेले.

ताईनं डॉक्टरचं ते वाक्य उराशी धरून ठेवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, औषधात काही कमी केलं नाही हो, चांगल्यातलं चांगलं दिलं. मी शेजारी बसलेली असायचे. आलेली माणसं मलाही धीर द्यायची. शेजारची म्हातारी म्हणाली, सख्ख्या मुलीनं केलं नसतं एवढं केलंस.

ड्रायव्हरनं जागा सांगितली त्याला आणखी सात आठवडे लागले. म्हणजे ज्यासाठी मी गप्प बसले होते ते हातातोंडाशी वगैरे काही नव्हतं.

धाड दिवसा पडली, चहाच्या सुट्टीनंतर. एकाच वेळी तीन ठिकाणी. इकडे मास्तर, पहिलवान आणि आम्ही बायका, तिकडे पीठ भरणारे, आणि शहरातल्या एका मोठ्या बंगल्यात तो माणूस ज्याला मास्तरसुद्धा फक्त 'वरचे' म्हणायचा. साहेबांच्या हुकमाप्रमाणे मलाही इतर बायकांसारखंच गाडीत घातलं, कारण त्या घडीला माझी ओळख उघड करणं धोक्याचं होतं. ताई माझ्याशेजारी होती. तिनं माझा हात घट्ट धरला आणि कानाशी येऊन म्हणाली, "तू एक शब्द बोलू नकोस. मी सांगते, हिला काही माहीत नव्हतं, मीच आणली हिला."

मी सरळ समोर बघत राहिले.

ठाण्याच्या आवारात आम्ही उतरलो. तिथला एक पोरसवदा शिपाई मला ओळखत होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला पाहताच त्यानं टाचा जुळवून सलाम ठोकला आणि बाजूला होऊन मला वाट दिली. बायकांना आधी कळलंच नाही, सलाम कुणाला. दोघींनी मागं वळून पाहिलं. ताईनं मागं पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात सोडला. झटकला नाही. दुसऱ्याची वस्तू चुकून उचलली असावी तसा खाली ठेवला.

बायकांना पुढं साक्षीदार करण्यात आलं. माझी बढती झाली. छोटासा समारंभ झाला, साहेबांनी चार शब्द बोलताना मी किती संयम दाखवला ते सांगितलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खटला दीड वर्षानं उभा राहिला. मी साक्ष द्यायला उभी राहिले तेव्हा साक्षीदारांच्या बाकावर ताई बसली होती, तिची साक्ष आदल्या दिवशीच झाली होती. केस पिकले होते. मास्तराचा वकील हुशार होता. त्यानं मला शांतपणे विचारलं की कॅप्सूलमध्ये पीठ आहे हे तुम्हाला नक्की कोणत्या दिवशी समजलं. मी तारीख सांगितली. म्हणजे पुढचे पाच महिने तुम्ही स्वतःच्या हातानं तो माल भरत होता? सरकारी वकिलानं हरकत घेतली. मी उत्तर दिलं, होय. वकिलाला मला टोचायचं होतं, एवढंच. ती तारीख खरी कुणाला लागली ते त्याला माहीत नव्हतं. ज्या बाईनं आयुष्यभर तारखांचे शिक्के मारले तिला हिशेब करायला किती वेळ लागणार?

ती बाहेर व्हरांड्यात थांबली होती. मला वाटलं ती शिव्या देईल. मला ते हवंच होतं. ती जवळ आली, आणि दीड वर्षात पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"मामंजींना ताप कधी आला, आठवतं?"

"आठवतं."

"म्हणजे मी पट्ट्या आणल्या तेव्हा तुला माहीत होतं."

"होतं."

मी म्हटलं, मी पाचव्या दिवशी खऱ्या आणून ठेवल्या होत्या. ते वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर कसं वाटलं ते मला सांगता येणार नाही. तिनं मान हलवली, ठीक आहे म्हणावं तशी, आणि पायऱ्या उतरून गेली.

आरोपींना शिक्षा झाल्या. 'वरचे' अजून आत आहेत. तो माल बंद झाला आणि त्यामुळे कितीतरी माणसं जगली असतील. हे खरं आहे. मी ते पुष्कळदा मनाशी म्हणून पाहिलं आहे.

पण एक गोष्ट ताईला ठाऊक नव्हती. तिला वाटत होतं मी फक्त गप्प बसले. ती सहाची गोळी, तो पेला, मामंजींचा विनोद आणि माझं हसणं, हे तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मला रात्रंदिवस वाटू लागलं की तिला ते समजायला हवं, तिचा तो हक्क आहे. सहा महिने मी याच शब्दात विचार करत होते, हक्क.

घर तिनं सोडलं होतं. ती एका वह्या बांधायच्या कारखान्यात लागली होती. मी दुपारच्या सुट्टीत तिथं गेले. ती आवारातल्या कठड्यावर डबा उघडून बसली होती, बोटांना खळ लागलेली. मला पाहून उठली नाही, जा म्हणाली नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. ते पिठाचं वाक्यही सांगितलं आणि मी हसले तेही.

ती ऐकत होती. घास हातात तसाच राहिला होता. मी थांबल्यावर तिनं तो डब्यात परत ठेवला.

"मला एवढं माहीत होतं, मामंजी अंथरुणावर होते तेव्हा घरात कुणी त्यांच्या मायेचं होतं," ती म्हणाली. "मी कामावर अडकले होते तेव्हा कुणी होतं. तेवढं मी धरून होते. तू पोलीस निघालीस तरी धरून होते."

"हे तू मला कशाला सांगितलंस? तुझं ओझं उतरलं असेल. आता हे घेऊन मी कुठं जाऊ?"

मी म्हटलं, तुला कळायला हवं असं वाटलं. ती म्हणाली, "कुणाला वाटलं?"

तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली. तिनं डबा बंद केला, बोटांवरची खळ पदराला पुसली आणि बाकीच्या बायकांबरोबर आत गेली. त्यातल्या एकीनं कोण गं ती म्हणून विचारलेलं मला ऐकू आलं. ताईनं काय सांगितलं ते ऐकू आलं नाही.

मी बसथांब्याकडे चालू लागले. ती म्हणाली तेच खरं होतं. माझं ओझं उतरलं होतं. छाती मोकळी वाटत होती आणि दोन वर्षांत लागली नव्हती अशी कडकडून भूक लागली होती. कोपऱ्यावरच्या खाणावळीत जाऊन मी पोटभर जेवले. आजवर मी केलं त्या सगळ्यात मला त्या जेवणाची जेवढी लाज वाटते तेवढी आणखी कशाचीच वाटत नाही.